मदत हवी आहे: हवेच्या तराफ्याची ट्रॉली वळताना चाकं घासतात, पाण्यात सुकाणू ऐकत नाही

कुर्लेकर:

नमस्कार मंडळी. इथे लेथ-वेल्डिंगवाले आहेत आणि बोटीवालेही, म्हणून विचारतोय.

आमची गल्ली कुर्ल्यात, मिठी नदीच्या जवळ. २६ जुलै २००५ ची गोष्ट काढत नाही. त्या दिवशी सांताक्रूझला ९४४ मिमी पडला होता, तसा दर वर्षी पडत नाही. पण मोठी भरती आणि जोराची सर एकत्र आली की गुडघाभर पाणी ठरलेलं. त्यात कुणाला डायलिसिसला न्यायचं असेल तर चौघांनी प्लास्टिकची खुर्ची उचलायची. अग्निशमन दलाची बोट येते, पण ती पाणी छातीला लागलं की. मधल्या पाण्याला कुणी वाली नाही.

म्हणून मंडळाच्या पोरांनी एक ट्रॉली बनवली आहे. वर पीव्हीसीचा हवेचा तराफा, खाली चौकोनी पाइपची चौकट आणि चार चाकं. उथळ पाण्यात चाकांवर चालायची, खोल पाणी आलं की तरंगायची. मोटर नाही, दोघे जण पुढून दोरीने ओढतात. पुढची चाकं हँडलने वळतात आणि त्याच हँडलवरून दोन केबली मागे सुकाणूपर्यंत नेल्या आहेत.

आता रडगाणं. कोरड्या रस्त्यावर वळवलं की पुढची चाकं रस्ता खरवडत जातात, हँडल हातात राहत नाही. वेल्डर म्हणतो बेअरिंग सैल करा, मला पटत नाही. तरंगल्यावर सुकाणू कितीही फिरवा, ढिम्म. आणि तराफा पाण्यात टाकला की थोड्या वेळात नरम पडतो, पण साबणाचं पाणी लावून पाहिलं तर बुडबुडा एकही नाही. खर्च वर्गणीतून उरलेल्या पैशांत बसायला हवा.

पाना बत्तीस:

बेअरिंग सैल करू नका. टाय रॉड, म्हणजे पुढची दोन्ही चाकं एकत्र वळवणारा आडवा दांडा, किती लांब आहे, आणि चाकांच्या पुढे आहे की मागे? किंगपिनमधलं (चाक ज्या उभ्या खिळीवर वळतं ती) अंतर आणि पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतरही सांगा.

कुर्लेकर:

किंगपिन ते किंगपिन ९० सेमी, टाय रॉडही बरोबर ९०, चाकांच्या पुढे. पुढचं ते मागचं चाक १६० सेमी. स्टिअरिंगचे आर्म, म्हणजे किंगपिनपासून टाय रॉडपर्यंतच्या पट्ट्या, सरळ पुढे काढलेत, १२ सेमीचे.

पाना बत्तीस:

मग घासणारच. टाय रॉड किंगपिनएवढाच आणि आर्म समांतर, म्हणजे दोन्ही चाकं सारख्याच कोनात वळतात. पण वळणावर आतलं चाक छोट्या वर्तुळावर फिरतं आणि बाहेरचं मोठ्या. चारही चाकांचे अक्ष एका बिंदूत मिळाले तरच ती लोळतात, नाहीतर एक दुसऱ्याला फरफटवतं. तुमच्या मापाला आतलं चाक ३० अंश वळलं तर बाहेरचं साडेतेवीसच वळायला हवं. साडेसहा अंशांचा फरक तुमचे टायर खातोय.

हे दुखणं घोडागाड्यांच्या जमान्यातलं आहे. म्युनिकच्या लँकेनस्पर्गर नावाच्या गाडीवाल्याने १८१७ मध्ये उपाय काढला, लंडनमध्ये त्याचा एजंट असलेल्या अ‍ॅकरमनने १८१८ मध्ये पेटंट घेतलं, आणि नाव राहिलं एजंटचं. असो.

ट्रॉली उलटी करा. मागच्या अक्षाच्या बरोबर मध्यावर खिळा धरून तिथून प्रत्येक किंगपिनपर्यंत सुतळी ताणा. किंगपिनपासून सुतळीवरच १२ सेमी मोजून खूण करा, टाय रॉडचं भोक तिथे. म्हणजे आर्म मागे आणि थोडे आत झुकलेले येतील, टाय रॉडही चाकांच्या मागे जाईल, लांबी साडेत्र्याऐंशी. पुढेच ठेवायचा हट्ट केलात तर आर्म बाहेर झुकवावे लागतात, मग ते चाकाला लागतात. यानेही कोन तंतोतंत जुळत नाहीत, पण तुमच्या वेगाला पुष्कळ.

आणि बेअरिंगच काढून टाका. गटाराच्या पाण्यात ती एका पावसाळ्यात जाम होतील. त्याऐवजी नायलॉनचे बुश (आस फिरतो त्या साध्या नळ्या) लेथवर काढून घ्या. टाय रॉडची टोकं, बुशचा नायलॉन, सगळं नागदेवी स्ट्रीटला मिळेल.

तांडेल:

सुकाणूचं मी सांगतो. त्याला वाहतं पाणी लागतं. वेग निम्मा झाला की जोर चौथा हिस्सा उरतो. गुडघाभर पाण्यात माणूस चालतो तो काय वेग! त्यात तुम्ही नाकाला दोरी बांधून ओढताय, म्हणजे तोंड दोरीकडेच राहणार. सुकाणू काढून टाका दादा, दोन केबलींचं लफडंही गेलं.

पुढच्या दोन्ही कोपऱ्यांना वेगवेगळी दोरी बांधा, एकेकाने एक धरायची. डावीकडे न्यायचं तर डावीवाल्याने ओढायचं, उजवीवाल्याने ढील द्यायची. तिसरा मागून दोरी धरून, पाण्याला ओढ असेल तर तोच खरा सुकाणू. दोरी मनगटाला किंवा कमरेला गुंडाळायची नाही, कुणीही. सगळ्यांच्या पुढे एक जण काठीने रस्ता चाचपत जाणारा हवाच. मॅनहोलचं झाकण आहे की नाही, हे त्या पाण्यात दिसत नाही.

पाना बत्तीस:

तांडेलांना अनुमोदन. शिवाय पुढची चाकं पाण्यात असतातच, जे काही वळेल ते त्यांनी वळेल. १९६० च्या दशकात जर्मनीत अँफिकार नावाची पाण्यात चालणारी मोटार निघाली, तिला सुकाणूच नव्हतं, पुढची चाकंच ते काम करायची. दुसऱ्या महायुद्धातल्या अमेरिकन डीयूकेडब्ल्यू गाडीला मात्र स्टिअरिंगला जोडलेलं सुकाणू होतं, पण तिला पाणी मागे ढकलणारा पंखाही होता. तुम्हाला नाही.

एक सांभाळा, पेशंटला मध्यावर बसवा. वजन मागे गेलं की पुढची चाकं आधी उचलली जातात, आणि अगदी त्याच क्षणी हँडल निरुपयोगी होतं.

दर्यासारंग:

नरम पडण्याचं कारण बहुतेक पंक्चर नाही. हवा पत्र्याच्या शेडमध्ये भरता ना? ३५ अंशाला अडीच पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) भरलेली तराफ्याची नळी २६ अंशाच्या पाण्यात गेली की काटा दोनवर येतो. हिशेबात वातावरणाचे १४.७ पीएसआयही धरावे लागतात, म्हणून उतार इतका दिसतो. तराफा पाण्यात टाकून पाच-दहा मिनिटं थांबा, मग पायपंपाने वर भरा. उलट बाहेर काढल्यावर ऊन पडलं आणि नळी ५० अंशाला गेली, तर शेडमधल्या त्याच अडीचचे सव्वातीनहून जास्त होतात. म्हणून पाण्याबाहेर आला की थोडी हवा सोडायची.

कुर्लेकर:

शेडच आहे, पत्र्याची! दारूखान्याच्या भंगारबाजारात जहाजाच्या लाइफराफ्टची जुनी सिलिंडर दिसली होती. झटकन फुगेल म्हणून घ्यावीत का?

दर्यासारंग:

अजिबात नको. त्यात कार्बन डायऑक्साइड असतो, २० अंशालाच ५७ बार दाब. जहाजावर एका मिनिटात राफ्ट फुगावा लागतो, कारण माणसं पाण्यात पडलेली असतात. तुमच्या गल्लीत पाणी चढायला वेळ लागतो, तेवढ्यात पायपंपाने दोनदा भरून होईल. जुन्या सिलिंडरची चाचणी कधी झाली, हे विकणाऱ्यालाही माहीत नसतं.

कुर्लेकर:

ठीक, सिलिंडर बाद, सुकाणूही बाद. रविवारी वेल्डरकडे आर्म कापायला टाकतो. चौकटीच्या पाइपची तोंडं उघडी ठेवू की वेल्ड करून बंद करू?

पाना बत्तीस:

बंद करा. आणि वेल्डिंगच्या वेळी तराफा बाजूला काढून ठेवा, ठिणगी एक पुरते.