मराठी शाळेतल्या छोट्यांसाठी ‘सौभद्र’?

नमस्कार मंडळी,
5 नोव्हेंबरचा रंगभूमी दिन यंदा दिवाळीच्या कार्यक्रमातच साजरा करायचा आहे. पहिली ते चौथीच्या मुलांनी ‘संगीत सौभद्र’मधलं काहीतरी करावं असं मनात आहे. पण संहिता उघडली आणि धडकीच भरली. आपली बरीच मुलं मराठी ऐकतात, उत्तर इंग्रजीत देतात. कोणी असं काही केलंय का?
— शाळा समितीतर्फे

ताई, संहिता मुलांच्या हातात देऊच नका. मी इथे इंग्लंडात प्राथमिक शाळेत शिकवते. आमची नऊ-दहा वर्षांची मुलं ‘मॅकबेथ’ करतात, पण बाकावर बसून वाचत नाहीत. आधी प्रसंग उभा करायचा आणि मग त्यात मूळच्या दोन-चार ओळी सोडायच्या. रॉयल शेक्सपिअर कंपनी शिक्षकांना तालमीतल्या अशाच युक्त्या शिकवते. ‘सौभद्र’मध्ये बलरामदादा बहीण सुभद्रेचं लग्न दुर्योधनाशी ठरवतो आणि कृष्ण गुपचूप तिचं अर्जुनाशी जुळवतो. त्यात वेषांतर आहे (अर्जुन यती, म्हणजे संन्यासी बनतो), राक्षस आहे, थोरल्या भावाला गुंडाळणं आहे. सात वर्षांच्या मुलांना आणखी काय हवं!

सुरुवात चालण्यापासून करा. सगळ्यांनी आधी धनुर्धर अर्जुन होऊन चालायचं, टाळी वाजली की यती. खांदे, मान, नजर, सगळं बदलतं. मग दोन रांगा समोरासमोर आणि मधून सुभद्रा चालत जाणार. एक रांग कुजबुजते, “दादाचं ऐक, दुर्योधनाशी लग्न कर”, दुसरी म्हणते, “मुळीच नको.” शेवटी तिने काय ठरवलं ते सांगायचं. या खेळात लाजरी मुलंही बोलतात, कारण एकच वाक्य असतं आणि सगळे एकदम बोलत असतात.

मग कृष्णाला खुर्चीवर बसवा आणि प्रश्न विचारू द्या. “बलरामदादाला खरं का नाही सांगितलंस?” इथे मुलं वकिलासारखी पेटतात. उत्तर मोडक्या मराठीत आलं तरी चालेल, मध्येच थांबवून व्याकरण सुधारू नका.
— दुसरीची आई

एक शंका. झोपलेल्या सुभद्रेला घटोत्कच उचलून नेतो. आजच्या मुलांसमोर हे कसं मांडायचं?
— एक बाबा

तो प्रश्न मुलांनाच विचारू द्या की. “तिला कोणी विचारलं का?” असं कोणीतरी म्हणणारच. सुभद्रेचं मन अर्जुनावर आहे हे त्यांना माहीत असू दे, पण म्हणून हा प्रश्न दडपू नका. जागी झाल्यावर ती काय म्हणेल, ते मुलांनीच रचावं.
— दुसरीची आई

मंडळी, मला हे फारसं रुचलेलं नाही. 1882 साली रंगमंचावर आलेलं हे नाटक, अण्णासाहेब किर्लोस्करांनी त्यात शंभरावर पदं घातली. गाणं काढून घेतलं तर उरते ती लग्न जुळवायची गोष्ट. ती कुठल्याही मालिकेत मिळेल. बालनाट्यच हवं असेल तर रत्नाकर मतकरींची नाटकं मुलांसाठीच लिहिलेली आहेत.
— जुने सभासद

काका, गाणं काढायचं नाहीच. “नच सुंदरी करू कोपा, मजवरि धरि अनुकंपा” घ्या. रुसलेली रुक्मिणी पाठ फिरवून बसलीय आणि सगळा वर्ग कृष्ण. हीच ओळ एकदा विनवून, एकदा चिडवत, एकदा घाबरत म्हणायची. ती मागे वळली की कृष्ण जिंकला. चाल नंतर, आधी ओळीतली लाडीगोडी कळू दे. मोजकीच पदं, पण मूळ शब्दांत, तोडमोड न करता. तान कोणी घेणार नाही, एवढं मान्य करा. मतकरी पुढच्या वर्षी नक्की.
— दुसरीची आई

तान नको, पण सूर तरी लागू दे. मधल्या वेळेत मुलांना माझ्याकडे सोडा, तेवढं पद बसवून घेतो. पेटी माझी आहे, पण पायपेटी आहे. गॅरेजमधून हॉलपर्यंत आणायला दोन धडधाकट बाबा आणि एक मोठी गाडी लागेल.
— जुने सभासद