मदत हवी आहे: १९६६ ची एमजीबी, इंजिन मागाहून बदललेलं. सेल्फ नक्की कुठला मागवू?

रेडिंगकर
नमस्कार मंडळी. गाडी इथे इंग्लंडातच आहे. एमजीबी रोडस्टर (एमजी कंपनीची उघड्या टपाची स्पोर्ट्स कार), १९६६, स्पोकची चाकं. सेल्फ मारला की चारातून एकदा मोटर नुसतीच घुंई करून फिरते, इंजिन हलत नाही. पुन्हा मारला की पकडतो. ब्लॉकवरच्या पट्टीवरचा नंबर १८व्ही ने सुरू होतो, म्हणजे इंजिन १९७१ किंवा त्यानंतरचं. गिअरबॉक्स मात्र जुनाच, पहिल्या गिअरला सिंक्रो (गिअर न खडखडता पडावा म्हणून असलेली रचना) नाही. एक दुकानदार वर्ष विचारून लुकास एम४१८जी सांगतो, दुसरा इंजिन नंबर विचारून २एम१००. तिसरा म्हणतो, रिडक्शन गिअरवाला (छोटी मोटर, आत वेग कमी करणारे गिअर) हलका सेल्फ घाला. बॅटरीचा प्लस अजून बॉडीलाच आहे. कुणाचं ऐकू? आणि इंजिन उतरवावंच लागलं तर सोबत काय बदलून घेऊ?

नटबोल्ट
पहिल्या दोघांनी प्रश्नच चुकीचा विचारला. सेल्फ वर्षाचा नसतो, इंजिन नंबरचाही नसतो. तो रिंग गिअरचा (फ्लायव्हील या इंजिनमागच्या जड चाकाच्या कडेची दातेरी रिंग) आणि इंजिन-गिअरबॉक्समधल्या बॅकप्लेटचा असतो. १९६७ अखेरीस मार्क टू आली तेव्हा चारही गिअरना सिंक्रो असलेला गिअरबॉक्स आला, आणि त्यासोबत बॅकप्लेट, फ्लायव्हील, सेल्फ सगळं बदललं. तुमच्या १८व्ही ला जुना गिअरबॉक्स जोडायचा तर जुनी बॅकप्लेट लावावीच लागते. फ्लायव्हीलही बहुधा जुनंच असणार, पण अंदाजावर मागवू नका, बघा.

ओळख सोपी आहे. सोलेनॉइड (सेल्फचा जाड करंट जोडणारा विजेचा स्विच) वेगळा, इंजिनच्या खणात पत्र्यावर बसवलेला आणि मोटरला एकच जाड वायर, म्हणजे बेंडिक्सवाला एम४१८जी (त्यात पिनियन, म्हणजे मोटरचं छोटं दातेरी चाक, स्क्रूवरून पुढे सरकून रिंग पकडतं). मोटरच्या पाठीवरच सोलेनॉइड असेल तर नंतरच्या जातीचा, बहुधा २एम१००.

पण नवा घ्यायची घाई कशाला? घुंई आवाज म्हणजे मोटर ठणठणीत आहे, पिनियन पुढे सरकत नाही. बॅटरी सोडवा, सेल्फ उतरवा (वरचा बोल्ट लांब एक्स्टेन्शनने वरूनच निघतो), बेंडिक्सचा स्क्रू रॉकेल आणि ब्रशने लख्ख करा, कोरडा करा आणि तसाच बसवा. तेल किंवा ग्रीस लावायचं नाही. क्लचची धूळ त्यावर बसते आणि पिनियन पुन्हा चिकटतो. निम्म्या गाड्यांचा आजार याच तेलाने सुरू होतो. कार्बन ब्रश ८ मिमीपेक्षा कमी उरले असतील तर तेही बदला.

रेडिंगकर
सोलेनॉइड वेगळाच आहे. म्हणजे एम४१८जी. पण तो प्लस अर्थला (बॅटरीचा प्लस बॉडीला) चालेल ना?

वायरमन
चालेल. त्यात चुंबकाऐवजी फील्ड कॉइल (तारेचं वेटोळं) आहे आणि ती आर्मेचरच्या (मोटरच्या फिरत्या भागाच्या) सिरीजमध्ये आहे. बॅटरी उलटी जोडली तर दोन्हींचा प्रवाह एकदमच उलटतो, मोटर त्याच दिशेने फिरते. फसवणूक तिसऱ्या दुकानदाराच्या हलक्या सेल्फमध्ये होऊ शकते. त्यातल्या बऱ्याच मोटरींत कायम चुंबक असतो, आणि तो प्लस अर्थला लावला की मोटर उलटी फिरते. घ्यायचाच असेल तर ‘फील्ड वाइंडिंग की चुंबक’ हे आधी विचारा.

आणि पाठीवर सोलेनॉइड असलेला सेल्फ कधी लावलात तर बॅटरीची जाड केबल थेट त्याच्या मोठ्या स्टडला द्या. जुना सोलेनॉइड त्याच्या बारीक टर्मिनलला फक्त सिग्नल देईल. दोन्ही स्टड पट्टीने जोडून जुन्याच सोलेनॉइडवर चालवायचा शॉर्टकट मारला, तर किल्ली सोडल्यावर फिरती मोटर स्वतःच वीज बनवून सोलेनॉइड धरून ठेवते. पिनियन वेळेवर सुटत नाही, दाते खातो.

एमजीबीत ६ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या सीटमागे, त्यामुळे केबल लांबलचक. सेल्फ मारताना बॅटरीच्या अर्थ टोकापासून इंजिन ब्लॉकपर्यंत मीटर लावा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर आधी इंजिनची अर्थ पट्टी. ती खराब असली की करंट चोकच्या तारेतून वाट काढतो आणि तार तापते.

अॅम्बीवाला
पुण्यात कुणी ‘अॅम्बॅसेडरचा सेल्फ बसेल’ म्हणालं तर सांभाळून. १४८९ सीसीच्या अॅम्बीचं इंजिन एमजीबीसारखंच बीएमसी कंपनीच्या बी-सिरीज घराण्यातलं, पण घराणं एक म्हणून दाते एक नसतात. पिनियनचे दाते मोजून, जुन्याशेजारी ठेवून बघा.

रेडिंगकर
बेंडिक्स काळाकुट्ट होता. साफ केल्यावर घुंई बंद! पण सेल्फच्या भोकातून टॉर्च मारली तर रिंगवर समोरासमोर दोन जागी दाते खाल्लेले दिसले. हे का?

नटबोल्ट
चार सिलिंडरचं इंजिन बंद होताना कॉम्प्रेशनमुळे दरवेळी त्याच दोन जागांवर थांबतं, पिनियन तिथेच आदळतो. अजून पकडतोय तोवर चालवा. अडकलाच तर मोटरच्या मागच्या टोकाला टोपीखाली चौकोनी शाफ्ट आहे, तो पान्याने फिरवला की सुटतो.

रिंग बदलायची वेळ आली तर इंजिन-गिअरबॉक्स एकत्रच उतरवा. जुनी रिंग दोन दात्यांमध्ये ड्रिल मारून छिन्नीने फोडा. नवी ३०० ते ४०० अंशांपर्यंत तापवून बसवा, पोलादावर फिकट निळा रंग आला की पुरे. जास्त तापवली तर दाते मऊ पडतात. दात्यांची उतरती कड पिनियन ज्या बाजूने शिरतो त्याच बाजूला हवी, म्हणून जुनी फोडण्याआधी फोटो काढा.

सोबत क्लच प्लेट, कव्हर आणि ग्राफाइटचं रिलीज बेअरिंग (त्यालाही ग्रीस नाही). क्रँकच्या टोकातला स्पिगॉट बुश (गिअरबॉक्सच्या शाफ्टचं नाक ज्यात फिरतं ती छोटी नळी) मात्र विसरू नका: क्रँक नंतरच्या इंजिनचा, गिअरबॉक्सचा शाफ्ट जुना. कॅटलॉग बघून मागवू नका. क्रँकचं भोक आणि शाफ्टचं नाक, दोन्ही व्हर्नियरने मोजा, मग बुश घ्या. बसवण्याआधी रात्रभर इंजिन ऑइलमध्ये भिजवा.

वायरमन
मागच्या अॅक्सलचं काही मागवणार असाल तर तिथेही वर्षावर जाऊ नका. १९६६ च्या रोडस्टरला बँजो जातीचा अॅक्सल, जीटीला (एमजीबीच्या बंद टपाच्या गाडीला) पहिल्यापासून सॅलिसबरी जातीचा. रेशो दोन्हींचा ३.९०९, पण हाफ शाफ्ट (चाक फिरवणारे दांडे) वेगळे, आणि स्पोकच्या चाकांचे आणखी वेगळे. खाली वाकून आकार बघा आणि मगच फोन करा.