'सवय', 'व्यसन' की आणखी काही? घबराटीच्या गोळ्यांबद्दल बोलताना कुठला शब्द वापरायचा

मृण्मयी_ना :
नमस्कार मंडळी. एका मानसोपचार ओपीडीत पेशंटच्या हातात द्यायला एक पानाचं माहितीपत्रक मराठीत करतेय, विषय घबराटीच्या म्हणजे ॲन्क्झायटीच्या गोळ्या. मूळ मजकुरात हॅबिट, डिपेन्डन्स आणि ॲडिक्शन असे तीन वेगळे शब्द आहेत आणि माझ्या खर्ड्यात तिन्हीकडे 'सवय'च येऊन बसलीय. डिपेन्डन्सला 'अवलंबित्व' करून बघितलं तर तिथल्या मावशी म्हणाल्या, ताई हे वाचणार कोण. ॲडिक्शनला 'व्यसन' लिहिलं तर पेशंट पत्रक तिथेच ठेवून घरी जाईल. लोक विचारतात ते एवढंच, "डॉक्टर, सवय नाही ना लागणार?" आता ह्या 'सवय'मध्ये त्यांना नक्की कशाची भीती असते आणि उत्तर कुठल्या शब्दात द्यावं?

कृष्णाकाठ :
ताई, आमचं मेडिकल आहे त्यामुळे हा प्रश्न रोजचा. काउंटरवर ॲन्क्झायटी वगैरे कुणी म्हणत नाही, 'टेन्शनची गोळी', 'झोपेची गोळी', 'डोकं शांत व्हायची गोळी', नाहीतर सरळ पाकिटाचा फाडलेला तुकडा समोर धरतात. आणि भीती कुठून येते सांगू का, अल्प्राझोलॅमची स्ट्रिप उलटी करून बघा. लाल चौकट असते, त्यात डॉक्टरच्या सल्ल्याशिवाय घेणं धोक्याचं आहे असं छापलेलं, आणि आर एक्सच्या खुणेच्या आधी एन जोडलेला असतो लाल अक्षरात. तो एन कशाचा हे एकदा कॉलेजातल्या पोराने आजीला वाचून दाखवलं, नार्कोटिक, झालं, आजीने स्ट्रिप परत आणून ठेवली. आता तिला कोण सांगणार की 1985 च्या एनडीपीएस म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्यात गांजा-अफू आहेत तशी सायकोट्रॉपिक म्हणजे मनावर परिणाम करणारी म्हणून ही औषधंपण आहेत म्हणून ती खूण. वर 1 मार्च 2014 पासून शेड्यूल एच वन ही कडक नियमांच्या औषधांची यादी लागू आहे, म्हणजे अल्प्राझोलॅम, डायझेपॅम, झोलपिडेम असलं काही दिलं की डॉक्टरचं नाव, पेशंटचं नाव, किती गोळ्या हे वेगळ्या रजिस्टरात लिहायचं आणि ते तीन वर्षं जपून ठेवायचं. आपलं नाव रजिस्टरात चढताना बघितलं की माणूस आपोआप आवाज खाली करून बोलतो. मला वाटतं 'सवय' हा तो खाली आवाजातला शब्द आहे, 'व्यसन' म्हणायला जीभ उचलत नाही म्हणून.

अभ्यंकरकाका :
कृष्णाकाठ, शेवटचं वाक्य आवडलं. थोडी भर. संस्कृतात व्यसनचा एक अर्थ संकट, आपत्ती असा आहे, आणि दुसरा एखाद्या गोष्टीत वाहवत जाणं, आसक्ती. मराठीत पहिला अर्थ जवळजवळ गेला आणि दुसरा राहिला, तोही दारू-तंबाखू-जुगार ह्यांना चिकटून. तरी 'वाचनाचं व्यसन', 'विद्याव्यसनी' असं कौतुकाने म्हणतोच आपण. उलट 'सवय' अगदी साळसूद शब्द. पहाटे उठायची सवय, जेवल्यावर शतपावलीची सवय, आणि 'सवय लागणे' म्हटलं की मात्र तोच शब्द लगेच काळा पडतो. 'लागणे' हे क्रियापद बघा ना, नाद लागतो, चटक लागते, छंद लागतो, भूत लागतं. तक्रार सवयीबद्दल नसून त्या लागण्याबद्दल आहे, म्हणजे आपल्या इच्छेविरुद्ध काहीतरी येऊन चिकटणार ही भीती.

वऱ्हाडी_ठेचा :
आमच्याकडे त 'आदत पडते' म्हणतेत काका. 'गोयीची आदत पडली त्याले'. आन् हे बीपीच्या गोयीले कोनी म्हनत नाही हो. माह्या बाबांची बीपीची गोयी मी शायेत होतो तवापासून सुरू हाये, कोनी नाही म्हनलं का आदत पडली. थायरॉइडचीबी तसंच. आईनं जीव घाबरते म्हनून गोयी घेतली त अख्खी गल्ली विचारते, बंद कवा करतं?

डॉ_निवांत :
वऱ्हाडी_ठेचा, बरोब्बर जागी बोट ठेवलंत, पण तुमच्या उदाहरणात एक मेख आहे ती सांगतो कारण मृण्मयींच्या पत्रकाला उपयोगी पडेल. प्रोप्रॅनोलॉल घ्या. बीपीसाठी देतात, छातीत धडधड आणि हात थरथरणं यासाठी घबराटीच्या पेशंटलाही देतात. ही गोळी बरेच दिवस घेऊन अचानक बंद केली तर ठोके एकदम वाढतात, हृदयाचा आजार असेल तर ते धोक्याचं ठरतं. म्हणजे शरीराने गोळी गृहीत धरलेली असते. पण प्रोप्रॅनोलॉलची कुणाला तलफ येते का? नाही. चोरून दोन जास्त घेतो का कुणी? नाही. तर ही पहिली गोष्ट, शरीराने गृहीत धरणं, ह्यालाच डिपेन्डन्स म्हणतात, आणि त्यासाठी आपल्या बोलण्यात सुटा शब्द नाही म्हणून ती 'सवय'मध्ये कोंबली जाते. ॲडिक्शन म्हणजे तलफ, हातातून सुटणं, नुकसान दिसत असूनही घेत राहणं, घरच्यांपासून लपवणं. दोन्ही एकत्र असू शकतात पण एक म्हणजे दुसरं नव्हे.

ह्यात गोंधळ फक्त मराठीचा नाही बरं का. जागतिक आरोग्य संघटनेच्या समितीने 1964 मध्ये ॲडिक्शन आणि हॅबिच्युएशन (सवय होणं) हे दोन्ही शब्द बाजूला ठेवून डिपेन्डन्स हा एकच शब्द सुचवला. मग त्या एकाच शब्दात सगळं आलं, आणि त्याचाच त्रास झाला. अमेरिकन मानसोपचारवाल्यांच्या 2013 च्या पाचव्या वर्गीकरणात निदान म्हणून तो शब्द काढून टाकला, आणि डॉक्टरच्या देखरेखीखाली नीट औषध घेणाऱ्याला जास्त डोस लागू लागला किंवा सोडताना त्रास झाला तर तेवढ्यावरून त्याला व्यसन आहे म्हणायचं नाही असं स्पष्ट केलं.

आणि 'घबराटीची गोळी' ही एक गोष्ट नाही हे पत्रकात आधी आलं पाहिजे. एक गट अल्प्राझोलॅम, क्लोनाझेपॅम, लोराझेपॅम, डायझेपॅम ह्यांचा, अर्ध्या-एक तासात हलकं वाटतं, आणि शरीर हिला काही आठवड्यांतही धरून बसू शकतं. दुसरा गट एस्सिटालोप्रॅम, सर्ट्रालिन, पॅरॉक्सेटिन असा, हिचा गुण यायला दोन ते सहा आठवडे जातात, तलफ लागत नाही, पण एकदम सोडली तर चक्कर, मळमळ, चिडचिड, डोक्यात विजेचा झटका बसल्यासारखं होऊ शकतं, पॅरॉक्सेटिनला जास्त, फ्लुओक्सेटिनला सगळ्यात कमी कारण ती शरीरातून फार सावकाश जाते. आपल्याकडे दोन्ही गट एकाच गोळीत मिसळलेलेही मिळतात, एस्सिटालोप्रॅम दहा आणि क्लोनाझेपॅम पॉइंट फाइव्ह, फार चालतं हे. गंमत अशी की त्यातलं एक महिनोन्महिने चालू ठेवायचं असतं आणि दुसरं लवकर थांबवायचं असतं, पण गोळी एकच, त्यामुळे पेशंटला कळतच नाही आपण नक्की कशाला 'सवय' म्हणतोय.

सायली_लेस्टर :
इथे ब्रिटनमध्ये त्या पहिल्या गटाबद्दल 1988 पासून सरकारी समितीचा सल्ला आहे की जास्तीत जास्त दोन ते चार आठवडे द्यावं, तेही त्रास फार असेल तरच. आमच्या जीपीने म्हणजे इथल्या फॅमिली डॉक्टरने लिहून देताना तेच सांगितलं. आई पुण्याहून फोनवर, "अगं सवय लागेल, घेऊ नकोस", आणि त्याच दमात, "मी रात्री घेते ती छोटी गोळी पण ती झोपेची आहे". नाव विचारलं तर क्लोनाझेपॅम! किती वर्षं घेतेय तिलाही आठवत नाही. म्हणजे माझ्या आईच्या लेखी झोपेची म्हटली की सवय नाही आणि टेन्शनची म्हटली की सवय :) शब्दावरच सगळं ठरतंय.

गाडगेबाज :
मी घेतो. उघड लिहितो कारण इथे टोपणनाव आहे. पॅनिक यायचे, लोकलमध्ये दारात उभं असताना छाती आवळून यायची, मग दादरलाच उतरायचो. मला विचाराल तर माझ्या तोंडी 'सवय' म्हणजे वेगळंच काहीतरी होतं, मला शरीराची भीती नव्हतीच, मला भीती होती की उद्या बरं वाटलं तर ते मी की गोळी. हे ना डिपेन्डन्स ना ॲडिक्शन. आपल्याकडे ह्याला 'टेकू' म्हणतात, बायको म्हणायची किती दिवस टेकूवर राहणार. तर हा चौथा अर्थ पण धरा.
आणि एक, 'सवय लागेल' ह्या भीतीनेच लोक काय करतात तर चार दिवस बरं वाटलं की स्वतःच बंद. मग धडधड, घाम, झोप नाही, आणि म्हणतात बघा, सांगितलं नव्हतं, सवय लागली. ऑफिसातल्या एकाचं असंच झालं.

डॉ_निवांत :
गाडगेबाज, हे पत्रकात ठळक हवं. पहिल्या गटातली गोळी बरेच दिवस घेऊन एकदम बंद केली तर फिट येऊ शकते, त्यातून जीवही जाऊ शकतो. 2020 मध्ये अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे औषधांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने, ह्या गटाच्या सगळ्या औषधांवर गैरवापर, व्यसन, शरीराचं अवलंबून होणं आणि सोडतानाचा त्रास ह्यांची चौकटीतली कडक सूचना टाकायला लावली, तीही वेगवेगळे शब्द वापरून. अल्प्राझोलॅम लवकर उतरते म्हणून त्रास एक-दोन दिवसांत सुरू होतो, डायझेपॅम रेंगाळते म्हणून कधी आठवड्यानेही. न्यूकॅसलला हेदर ॲश्टन म्हणून प्राध्यापक होत्या, 1982 ते 1994 त्यांनी फक्त ह्या गोळ्या सोडवायचं क्लिनिक चालवलं, त्यांची रीत म्हणजे डायझेपॅमवर आणून महिनोन्महिने हळूहळू कमी करत जायचं. भीती असेल तर ती 'सुरू' करण्यापेक्षा 'अचानक बंद' करण्याची जास्त असावी.

मृण्मयी_ना :
वा, भरपूर मिळालं. डिपेन्डन्सला 'अंगवळणी पडणे' कसं वाटतं? त्यात अंग आहे, इच्छा नाही, आणि 'लागणे' पण नाही. वाक्य असं करतेय : "ही गोळी काही आठवड्यांत शरीराच्या अंगवळणी पडू शकते. ह्याला व्यसन म्हणत नाहीत. पण स्वतःच्या मनाने बंद करू नका."

अभ्यंकरकाका :
'शरीराच्या अंगवळणी' म्हणजे अंगाच्या अंगवळणी झालं. 'शरीराला सवयीची होते' करा.

सायली_लेस्टर :
काकांचं पटलं, पण माझा आक्षेप वेगळा. अंगवळणी पडणं फारच गोड आहे, नवी सून घरच्या कामात रुळते तसं. अल्प्राझोलॅम इतकी गरीब नाही. आणि "व्यसन म्हणत नाहीत" हे सरसकट कसं लिहिणार? आधी दारूचा त्रास असलेल्यांना ह्या गोळीचं खरंच व्यसन लागू शकतं, ते आपण शब्दांच्या नादात पुसून टाकायचं का?

डॉ_निवांत :
सायलींचा मुद्दा मान्य. ते वाक्य काढा. त्याऐवजी "जास्त घ्यावीशी वाटली, लपवून घ्यावी लागली, दुसऱ्या डॉक्टरकडून लिहून आणली, तर लगेच सांगा" असं लिहा. व्यसन हा शब्द न वापरताही व्यसन सांगता येतं. आणि दारूबरोबर घेऊ नका, श्वास मंदावतो, हे वेगळ्या ओळीत. तसा व्यसन ह्या शब्दाला इतकं घाबरायचंही कारण नाही, पुण्यात 1986 साली मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू झाल्यापासून 'व्यसन हा आजार आहे' हे मराठीत बऱ्यापैकी रुळलंय. खाली टेली मानस ह्या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा नंबर 14416 टाका, मराठीत बोलता येतं.

मृण्मयी_ना :
टाकते. 'शरीराला सवयीची होते' घेतलं. आता शेवटचं, टेपरिंगला काय? 'टप्प्याटप्प्याने कमी करणे' बरोबर आहे पण सरकारी जीआरसारखं वाटतं.

अभ्यंकरकाका :
डोस चढवणे म्हणतो तसं 'उतरवत आणणे' म्हणावं की. ताप उतरतो, नशा उतरते, विषावर उतारा असतो. सगळीकडे बरं होण्याकडेच रोख आहे.

वऱ्हाडी_ठेचा :
भूतबी उतरवतेत काका 😄

कृष्णाकाठ :
काका, आमच्याकडे लोक 'अर्धी करून दिली', 'पाववर आणली' असंच म्हणतात, तेच लिहा, सगळ्यांना कळतं. फक्त खाली एक ओळ टाका ताई, स्ट्रिपवर नावापुढे एसआर, सीआर किंवा एक्सआर असेल तर ती गोळी तोडायची नाही, ती हळूहळू विरघळायला बनवलेली असते, तोडली की सगळी एकदम अंगात जाते. पावची गरज असेल तर कमी पॉवरची लिहून घ्या म्हणावं डॉक्टरांकडून, क्लोनाझेपॅमची पॉइंट टू फाइव्ह येते.