मदत हवी आहे : नव्या अपाचेवर एक पान चालते, दुसऱ्या पानाचा कोड दिसतो, एचटीअ‍ॅक्सेस फाइलीचाही परिणाम होत नाही

नमस्कार. इंदूरला रामबागेतील एका छोट्या मराठी वाचनालयाची ग्रंथसूची मी हौसेने सांभाळतो. ती उबुंटू 12.04 ही कार्यप्रणाली आणि अपाचे 2.2 (ब्राउझरला पाने पुरवणारा वेब-सर्व्हर) असलेल्या जुन्या संगणकावर बरीच वर्षे विनातक्रार चालली. गेल्या आठवड्यात उबुंटू 24.04, अपाचे 2.4 आणि पीएचपी 8.3 (पानांमधला कोड ज्या भाषेत आहे ती) असलेल्या नव्या संगणकावर, ‘एसआरव्ही’ फोल्डरखाली, सगळे हलवले. सर्व्हर इंटरनेटवर नाही. वाचनालयातले दोन संगणक आणि वाय-फाय वापरणाऱ्या वाचकांचे मोबाइल एवढ्यांनाच तो दिसतो. डेटाबेस नाही, सर्व नोंदी सीएसव्ही (स्वल्पविरामांनी विभागलेल्या साध्या मजकुराच्या) फाइलींत आहेत.

पहिल्या दिवशी प्रत्येक पानावर 403 (प्रवेश नाकारल्याची चूक) येत होते आणि एरर लॉगमध्ये ‘एएच01630: क्लायंट डिनाइड बाय सर्व्हर कॉन्फिगरेशन’ अशी नोंद होती. सर्वांना प्रवेश देणाऱ्या जुन्या ‘ऑर्डर’ आणि ‘अलाउ फ्रॉम ऑल’ या ओळी मी तशाच आणल्या होत्या; उबुंटूच्या मुख्य फाइलीत मूळ फोल्डरलाच ‘रिक्वायर ऑल डिनाइड’ (सर्वांना मज्जाव) असल्यामुळे त्यांनी तो नकार उठत नव्हता. त्याऐवजी ‘रिक्वायर आयपी 192.168.1’ लिहिल्यावर 403 गेले. (‘सगळ्याला 777 परवानगी द्या’, म्हणजे फाइली कोणालाही वाचू-बदलू द्या, हा सल्ला या काळात तीनदा वाचला. पाळला नाही, कारण अडवणूक फाइलींच्या परवानग्यांची नव्हतीच.)

आता खरी अडचण. मुखपृष्ठ नीट चालते, पण शोधाच्या पानावर कोड उमटतो, आणि तोही पहिल्या ओळीपासून नव्हे, तर ‘=>’ या खुणेनंतरचा. जिथे पुस्तकाचे नाव हवे तिथे ‘अनडिफाइन्ड व्हेरिएबल’ असा इशारा येतो. या पानात कोड ‘<?’ या आखूड खुणेने सुरू होतो, म्हणून ‘पीएचपी --आयएनआय’ या आज्ञेने दाखवलेल्या फाइलीत ‘शॉर्ट ओपन टॅग’ चालू केला आणि अपाचे पुन्हा सुरू केला. तीच फाइल टर्मिनलमध्ये आता व्यवस्थित चालते, ब्राउझरमध्ये मात्र फरक नाही.

याच सुमारास लक्षात आले की सभासदांच्या यादीला कुलूप घालणारी जुनी एचटीअ‍ॅक्सेस फाइलही (एखाद्या फोल्डरपुरते अपाचेचे नियम लिहिण्याची फाइल) काम करत नाही. तिच्यात मुद्दाम निरर्थक ओळ लिहून पाहिली, तरी 500 ची (सर्व्हरमधील बिघाडाची) चूक आली नाही. या दोन्हींचे मूळ एकच आहे का, आणि मी कुठे पाहावे, हे कृपया सांगावे.

प्रतिसाद :

मूळे वेगळी आहेत, पण चुकीची जात एकच : आपण बदललेली फाइल तो प्रोग्रॅम वाचतच नाही. उबुंटूमध्ये पीएचपीच्या मांडणीच्या फाइली ‘सीएलआय’ (टर्मिनलसाठी) आणि ‘अपाचे2’ (ब्राउझरमधील पानांसाठी) अशा स्वतंत्र फोल्डरांत असतात, आणि टर्मिनलमधली आज्ञा साहजिकच ‘सीएलआय’ची फाइल दाखवते. पीएचपीची सगळी सेटिंग्ज दाखवणारे ‘पीएचपीइन्फो’चे पान ब्राउझरमध्ये उघडून ‘लोडेड कॉन्फिगरेशन फाइल’ ही ओळ पाहावी आणि पाहून झाल्यावर ते पान काढून टाकावे. तरीही माझे मत असे की सेटिंग न बदलता पानांमधली आखूड खूणच पूर्ण (‘<?php’) लिहावी, म्हणजे पुढच्या स्थलांतरात हाच घोळ होणार नाही. पीएचपी 5.4 पासून ‘<?=’ नेहमीच चालू असते, म्हणून नाव छापणारी ओळ चालली आणि नावाला किंमत देणारा तुकडा मात्र कोड म्हणून बाहेर पडला. ‘<?’ पासून पहिल्या ‘>’ पर्यंतचा मजकूर ब्राउझर टिप्पणी समजून गिळतो, म्हणून आपल्याला कोड मधूनच दिसतो.

एचटीअ‍ॅक्सेसचे कारण ‘अलाउओव्हरराइड नन’ (अशा फाइली वाचूच नका, असे अपाचेला सांगणारी ओळ) हे आहे, 2.4 मध्ये तेच मुळातले सेटिंग आहे. ते बदलण्यापेक्षा सभासदांची यादी संकेतस्थळाच्या फोल्डरबाहेर ठेवावी. ती सध्या वाय-फायवरील कोणालाही पत्ता टाकून उघडता येते, म्हणून हे काम आधी करावे.

धागाकर्ता :

मनःपूर्वक आभार. यादी त्याच रात्री बाहेर हलवली आणि स्क्रिप्टमधला तिचा मार्ग बदलला. आखूड खूण एकूण 11 फाइलींत निघाली. ती सर्वत्र पूर्ण केल्यावर शोध चालू झाला. अ‍ॅक्सेस लॉगही चाळला : यादीच्या फाइलीची मागणी दोनदाच नोंदलेली आहे, आणि दोन्ही वेळा ती माझ्याच संगणकावरून, तपासताना, झालेली आहे.