फुलं भरपूर, फळ नाही: क्लाउडबेरीबद्दल
क्लाउडबेरी म्हणजे उत्तरेकडच्या थंड दलदलीत उगवणारं रानफळ. स्वीडन, फिनलंड, नॉर्वेत दलदलीत शिरून कुणीही क्लाउडबेरी तोडाव्यात, असं सांगितलं जातं; ते पहिल्या दोन देशांपुरतं बरंचसं खरं आहे. उत्तर नॉर्वेत मात्र जमीनमालकाने स्पष्ट मनाई केली असेल, तर तिथली फळं घरी नेता येत नाहीत. जागेवर उभ्याने खाल्ली तर चालतं! कायद्यातच तशी सोय आहे, आणि मला ती भलतीच आवडते.

जूनमध्ये पांढऱ्या फुलांनी भरलेली जागा ऑगस्टमध्ये रिकामी का, याचं कारण सगळे थंडीवर ढकलतात. फुलोऱ्याच्या दिवसांत पडलेलं गोठलेलं दव पीक बुडवतं हे खरंच. पण पपईसारखी इथेही नर आणि मादी झाडं वेगळी असतात, हे कुणी सांगत नाही. हे रोप जमिनीखालच्या खोडांनी पसरतं, त्यामुळे एखादा अख्खा पट्टा एकाच नराचा असू शकतो. तिथे कितीही चांगलं वर्ष असलं तरी फळ धरणार नाही. मादीलाही एका दांडीवर एकच फळ, म्हणून बादली भरता भरता कंबर मोडते. आणि लालभडक, कडक दिसतात त्या कच्च्या. पिकल्यावर रंग उलट फिकट होत केशरी-पिवळा होतो.