ग्रुपने फोटोला जाताना ट्रायपॉडची परवानगी कोणी काढायची? आयोजकाने की ज्याची त्याने?

निळी वेळ (धागा सुरू करणारा)
मागच्या महिन्यात आम्ही १४ जण एका सार्वजनिक तळ्यावर गेलो होतो, सूर्यास्तानंतर लाँग एक्स्पोजर, म्हणजे शटर बरेच सेकंद उघडं ठेवून फोटो, करायचं ठरलेलं. आयोजकाचा मेसेज एवढाच, ‘ट्रायपॉड आणा, परवानगीचं ज्याने त्याने बघा’. तिघांनी काढलेली, बाकी ११ जण तसेच आले, गेटवरच्या गार्डने तिघांना सोडलं आणि आम्हाला थांबवलं, आणि त्याचं काही चुकलं असं मला वाटत नाही. वाद घालण्यात सूर्यास्तानंतरचा तो निळा उजेड संपला, तो असतो तरी किती वेळ, जेमतेम अर्धा तास. माझं म्हणणं स्पष्ट आहे, बोलावणाऱ्यानेच सगळ्यांसाठी एकच अर्ज करावा आणि परवानगी हातात आल्याशिवाय तारीख जाहीर करू नये.

हातातला कॅमेरा
अजिबात पटलं नाही. विचारायला गेलं की नकार ठरलेला असतो, कारण टेबलापलीकडच्या माणसाला ट्रायपॉड म्हटलं की जाहिरातीचं शूटिंगच डोळ्यासमोर येतं. एकेकट्याला कोणी अडवत नाही, १४ जणांचा अर्ज मात्र तीन टेबलं फिरतो. आणि आता कॅमेऱ्याच्या बॉडीतच हाताची थरथर सांभाळणारं स्टॅबिलायझेशन असतं, आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाशाची संवेदनशीलता) वाढवा, हातात धरून काढा, परवानगीचा प्रश्नच उरत नाही. सार्वजनिक जागा आपलीच आहे, तिथे तीन काठ्या उभ्या करायला अर्ज कशाला?

निळी वेळ
आयएसओचं गणित करून बघू. लेन्सचं छिद्र एफ ८ वर ठेवून आयएसओ १०० ला ३० सेकंद लागत असतील तर ३२०० ला साधारण १ सेकंद लागतो, १२८०० पर्यंत गेलात तरी पाव सेकंद. पाव सेकंद वाइड लेन्सवर हातात जमेलही, पण मला पाणी दुधासारखं गुळगुळीत हवंय, ते पाव सेकंदात येतच नाही, ३० सेकंद मुद्दामच हवेत. तारे रेघा न होता काढायचे तर २४ एमएमच्या लेन्सला ढोबळ हिशेबाने २० सेकंद धरतात, तिथे काय करणार? ट्रायपॉड टाळा म्हणणं म्हणजे तो फोटोच काढू नका म्हणणं झालं.

पायवाट
मी पायवाटांच्या देखभालीला स्वयंसेवक म्हणून जाते, म्हणून दुसरी बाजू सांगते. पाय पूर्ण उघडले की एक ट्रायपॉड जवळजवळ मीटरभर जागा खातो. १४ ट्रायपॉड म्हणजे ४२ पाय, तेही सगळे एकाच कठड्याशी, कारण चांगली फ्रेम तिथूनच मिळते. मागून व्हीलचेअर आली, बाबागाडी आली, की त्यांनी जायचं कुठून? संधिप्रकाशात काळे पाय दिसत नाहीत, माणसं अडखळतात, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. टोकदार खिळे लावलेले पाय लाकडी फळ्यांना भोकं पाडतात, रबरी बूच लावलं तर पाडत नाहीत, पण कोण लावून येतंय हे आधी विचारल्याशिवाय कळणार कसं? लाकडी पुलावर तर तुमचंच नुकसान आहे, एक माणूस चालला की फळी हलते आणि सगळ्यांचं ३० सेकंदांचं एक्स्पोजर वाया जातं.

हातातला कॅमेरा
मग अडचण गर्दीची आहे ना, ट्रायपॉडची कुठे? १४ माणसं नुसती उभी राहिली तरी वाट अडते. अमेरिकेत ४ जानेवारी २०२५ ला एक्सप्लोर अ‍ॅक्ट नावाच्या कायद्यावर सही झाली, तिथल्या नॅशनल पार्कमध्ये आता सहापेक्षा कमी माणसं असतील, हातात नेता येईल एवढंच सामान असेल, जागा लोकांना खुली असेल आणि इतरांना अडथळा नसेल तर परमिटही नाही आणि फीही नाही, मग फोटो विकायला काढा नाहीतर घरी लावायला. माणसं मोजा, काठ्या मोजू नका, नियम असा पाहिजे.

निळी वेळ
त्या नियमानेही आम्ही १४ जण बाहेरच पडतो. आणि पाच-पाचचे गट केले असं दाखवून एकाच वेळी एकाच कठड्यावर उभं राहायचं, हे मला मान्य नाही, पुढच्या ग्रुपला त्याचा त्रास होतो.

जुनी लेन्स
एक गोष्ट कोणीच बोललं नाही. आयोजक सहभागाचे पैसे घेतो का? घेत असेल तर बऱ्याच ठिकाणी ती कार्यशाळा धरतात, म्हणजे व्यावसायिक वापर, अर्ज वेगळा आणि कधीकधी विम्याचा कागदही मागतात. फोटो विकणार नाही एवढं लिहून भागत नाही. मी आयोजक होतो तेव्हा हे आधी विचारलं नाही आणि आदल्या दिवशी सगळ्यांना नको म्हणून कळवावं लागलं, त्याचं अजून वाईट वाटतं. म्हणून मी निळी वेळच्या बाजूचा आहे, हे प्रश्न १४ जणांनी वेगवेगळे विचारले तर १४ वेगळी उत्तरं येतात.

पायवाट
आणि अर्जात नुसतं ‘फोटोग्राफी’ लिहू नका. नेमकी जागा, किती ते किती वाजता, माणसं किती, ट्रायपॉड किती, लाइट स्टँड नाहीत, पायांना रबर आहे, वाट मोकळी ठेवायला एक माणूस नेमलाय, असं लिहा. वाचणाऱ्याच्या मनातलं जाहिरातीचं शूटिंग निघून जातं.

हातातला कॅमेरा
मत बदललं नाही, छंदासाठी एवढी कागदपत्रं मला अन्याय वाटतात आणि नियम बदला म्हणून मी लेखी मागणी करणार आहे. पण ११ जण गेटवरून परत गेले हे वाचून वाईट वाटलं. पुढच्या वेळी माझं नाव यादीत टाका, ट्रायपॉडशिवाय.

निळी वेळ
टाकतो. पुढच्या वेळी १४ जणांत सहाच ट्रायपॉड मागायचं ठरवलंय, आळीपाळीने वापरू. त्यासाठी प्रत्येकाने कॅमेऱ्याला ट्रायपॉडवर झटकन बसणारी आर्का-स्विस पद्धतीची प्लेट आधीच लावून यायची, नाहीतर स्क्रू फिरवण्यातच उजेड जाईल. अर्ज चार आठवडे आधी जाईल. परवानगीच्या प्रिंटवर सही करणाऱ्या अधिकाऱ्याचा ऑफिस नंबर मागून घेऊ, संध्याकाळी गार्डची शिफ्ट बदलते आणि नव्या माणसाला काहीच माहीत नसतं. तळ्यावर रात्री थांबायला वेगळी परवानगी लागते का, कोणी विचारलंय का आधी?