मदत हवी आहे : कुंझाइटच्या खड्याची अंगठी करावी की पेंडंट?

नमस्कार मंडळी,

विट्याहून लिहितेय. आमच्या मामांचा जयपूरला गलाईचा, म्हणजे सोनं-चांदी वितळवून शुद्ध करायचा, धंदा आहे (विट्याची माणसं गलाईसाठी देशभर पसरलीत, हे सांगलीकरांना सांगायला नको). त्यांनी मला एक मोकळा कुंझाइट दिलाय. लंबगोल, साधारण अकरा कॅरेटचा. विकणाऱ्याने अफगाणिस्तानातला म्हणून सांगितला होता.

रंगाने मला पार वेड लावलंय. कासच्या पठारावर तेरडा फुलतो ना, तोच गुलाबी-जांभळा, पण दोन पाण्यांतून काढलेला. वरून पाहिला की रंग भरून दिसतो, कडेने फिरवला की जवळजवळ उडतोच. माणिक-पाचूचा ठसका याला नाही, आणि मला तेच आवडतं.

सांगलीत सराफ कट्ट्यावर दोन ठिकाणी दाखवला. एक म्हणाले ॲमेथिस्ट, दुसऱ्यांनी काच म्हणून परत केला. सासूबाईंचा प्रश्न वेगळाच, "कुठल्या ग्रहाचा?" नवरत्नांत तो नाहीच म्हटल्यावर त्यांचा रस संपला, माझी मात्र सुटका झाली.

तर, खरा आहे हे कसं ठरवायचं? उन्हात रंग जातो म्हणतात, ते कितपत खरं? मला अंगठी हवी आहे, पण शाळेत शिकवते, दिवसभर हात कामात.

– विटेकरीण

गारगोटी :
ताई, वरून एक आणि कडेने दुसरा रंग दिसतो म्हणताय, तिथेच काच बाद झाली. काच कुठूनही बघा, सारखीच. ॲमेथिस्टमध्येही इतका फरक दिसत नाही. पैलू पाडणारा जाणकार असणार, गडद बाजू बरोबर वर आणलीय.

कुंझाइट म्हणजे स्पॉड्युमीन. बॅटरीसाठी लिथियम ज्या खनिजातून काढतात, तेच. गुलाबी रंग मँगनीजमुळे. 1902 मध्ये कॅलिफोर्नियात पाला इथे सापडला आणि टिफनी कंपनीचे रत्नतज्ज्ञ कुंझ यांचं नाव त्याला मिळालं.

सराफाच्या काट्यावर आधी हवेत, मग दोऱ्याला बांधून पाण्यात वजन करून घ्या आणि आकडे इथे टाका. खात्रीचं काम मात्र लॅबचं. प्रकाशाचा वक्रीभवनांक (खड्यात शिरताना प्रकाश किती वळतो तो आकडा) 1.66 ते 1.68 मध्ये आला की झालं. मामा जयपूरलाच आहेत, तिथे लॅब आहे. फिका खडा किरण देऊन गडद केलेला असू शकतो, आणि ते बहुतेक वेळा लॅबलाही सांगता येत नाही. 'नैसर्गिक' लिहून आलं तरी रंग अजिबात छेडलेला नाही असं धरू नका.

पेठेतला सोनार :
अंगठी नको. कठीणपणा साडेसहा-सात, म्हणजे धुळीतली वाळूसुद्धा हळूहळू पैलू मारते. पण खरी भीती वेगळी. हा खडा दोन दिशांनी सरळ चिरतो. बाकाच्या कडेवर हात आपटला तर टवका नाही उडायचा, फाकच पडेल.

पेंडंट करा. कारागिराला बजावून सांगा, डाग लावायचं, म्हणजे आच देऊन जोडायचं, सगळं काम आधी, खडा सगळ्यात शेवटी. आच लागली की रंग जातो. साफ करायला अल्ट्रासॉनिक मशीन आणि वाफ दोन्ही बंद. कोमट पाणी, साबण, मऊ ब्रश, बस. ऊन म्हणाल तर दोन तास लग्नात घालून काही होत नाही, पण रोज उन्हात वावरणार असाल किंवा खिडकीत ठेवणार असाल तर फिका पडत जाईल. डबीतच ठेवा.

विटेकरीण :
दोघांचे आभार. हवेत 2.20 ग्रॅम, पाण्यात 1.51. काट्यावरचे दादा आधी हसले, मग स्वतःच दोरा शोधायला लागले!

गारगोटी :
फरक 0.69; 2.20 ला त्याने भागलं की घनता 3.19. कुंझाइटची 3.18 च्या आसपास असते. ॲमेथिस्ट 2.65 ला थांबतो, गुलाबी टूरमलीनही थोडं खालीच राहतं. लॅबला पाठवायला हरकत नाही.

विटेकरीण :
अंगठीचा नाद सोडला. सोनारदादा, शेवटचं विचारते. पेंडंट आधी चांदीत करून बघू का? आवडलं तर पुढे सोन्यात बदलेन.

पेठेतला सोनार :
तसं करू नका. खडा बसवताना जेवढी भीती, त्याहून जास्त काढताना. चांदीच्या आणि सोन्याच्या पत्र्यावर नुसता ठेवून दिवसाउजेडी बघा. पिवळ्यात गुलाबी खुलतो, पांढऱ्यात जांभळी झाक. ठरवा आणि एकदाच बसवा. मागची बाजू उघडी ठेवायला सांगा, धुता येईल.